पाच नंबरची खोली

आमचे पनवेलचे घरमालक नाताळची चांदणी लावत नसत. ती ते काढतच नसत, त्यामुळे लावायचा प्रश्नच यायचा नाही. बांबूच्या कामट्यांची, लाल कागदाची ती चांदणी ओटीवरच्या आढ्याला बाराही महिने टांगलेली असायची. कागद फाटला की खळ लावून नवा चिकटवायचा, पावसाळ्यात वरून मेणकापडाची टोपी घालायची आणि दिवेलागणीला आतला छोटा दिवा लावायचा. एका श्रावणात पोस्टमनने त्यांना विचारलं, "काका, नाताळ होऊन किती महिने झाले?" काका पत्रं घेत शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे झाला असेल. आमच्याकडे अजून डिसेंबर चालू आहे." पोस्टमनने ते घरोघर पोचवलं आणि गावाने त्यांचं नाव डिसेंबरकाका ठेवलं. या नावाने हाक मारली तरी ते ओ देत.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत नवीन शिक्षिका होते. एकोणीसशे सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार. वडील गेलेले, भाऊ नाही, आई बरोबर. मला याद्या करायची सवय आहे, तेव्हाही होती. पनवेलला खोली शोधताना मी पाहिलेल्या घरांची यादी केली होती आणि प्रत्येक घरासमोर मालकाने काय काय विचारलं ते लिहिलं होतं. पाच घरं झाली. जात विचारली, खाणं विचारलं, लग्न का झालं नाही ते विचारलं, रात्री कोणी येतं-जातं का तेही एका गृहस्थांनी आईसमोर विचारलं. सहाव्या घरासमोर, म्हणजे काकांच्या, माझ्या वहीत एकच ओळ आहे: "पाणी घेता का?" दुपारी दोनची वेळ होती, आई ओटीच्या पायरीवर बसून धापा टाकत होती. काकांनी तांब्याभांडं आणलं, आईचं पाणी पिऊन होईपर्यंत उभे राहिले आणि मग म्हणाले, "चार नंबर रिकामी आहे. बघून घ्या. विहिरीला लागून आहे, ओल येते, आधीच सांगतो."

ते पूर्वी नगरकडे मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्तीनंतर काकूंच्या माहेरच्या जागेत त्यांनी या पाच खोल्या बांधल्या. रस्त्याला लागून एक नंबर, त्यात ते दोघं. दोनमध्ये भाताच्या गिरणीतले मुनीम आणि त्यांचं कुटुंब. तीनमध्ये एक इस्रायली भाऊ, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मुंबईला नोकरी, शनिवारी पूर्ण सुटी. चारमध्ये आम्ही. आणि अंगणापलीकडे, एकटी, उंच जोत्याची, सिमेंटच्या जमिनीची, पूर्वेला खिडकी असलेली पाच नंबर. ती रिकामी.

रिकामी म्हणजे बंद नव्हे. आत दोन खाटा, धुतलेल्या चादरी, माठ, कंदील, काडेपेटी. किल्ली एक नंबरच्या दाराआडच्या खिळ्याला. घाट बंद पडला की पुण्याच्या गाड्या पनवेलला अडकायच्या, सरकारी दवाखान्यात माणूस ठेवला की खेड्यावरच्या नातेवाइकांना रात्र काढायला जागा नसायची. कंडक्टर लोकांना सांगत, चांदणीवाल्याकडे जा. कोणीही यायचं, काका किल्ली काढून द्यायचे, सकाळी माणूस जायचं. भाडं नाही, नोंद नाही.

काकू चादरी धुवायच्या. विहिरीवर त्यांचा धोपटण्याचा आवाज आला की आम्हाला कळायचं, काल पाचमध्ये कोणीतरी होतं. "प्रभू येशू ह्यांचा," त्या म्हणायच्या, "आणि चादरी माझ्या."

मी पहिल्याच महिन्यात काकांना विचारलं होतं की पाच भाड्याने का देत नाही. मला वाटलं होतं नवस वगैरे असेल. ते चांदणीला कागद चिकटवत होते. म्हणाले, "येशूच्या जन्माची गोष्ट माहीत आहे ना? उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून गोठ्यात जन्म झाला. आता दरवर्षी नाताळात सगळे गोठा करतात. गाय ठेवतात, गवत ठेवतात. मला मात्र त्या उतारशाळेच्या मालकाचाच विचार येतो. तो वाईट माणूस नव्हता हो. कुठेही लिहिलेलं नाही वाईट होता म्हणून. त्याच्या खोल्या भरल्या होत्या, एवढंच. म्हणून मी ठरवलं, आपण एक भरायचीच नाही."

पंचवीस डिसेंबरबद्दल त्यांना फारसं कौतुक नव्हतं. मुंबईहून पुतणे, सुना, मुलं येत, नवे कपडे, गाणी, केक. काका गाण्यात सामील होत आणि इतके बेसूर गात की पुतणे त्यांना केक कापायला बसवत. "पंचवीस तारखेला कोणीही ख्रिस्ती असतो," ते म्हणत. "मला सव्वीसला भेटा." सव्वीसला पाहुणे झोपलेले असताना ते नेहमीप्रमाणे पेजेचा डबा घेऊन सरकारी दवाखान्यात जात. सत्तावीसलाही जात, आणि तीन फेब्रुवारीलाही. वाटेत झाडूवाला भेटला, टांगेवाला भेटला, तर भर वैशाखात नाताळच्या शुभेच्छा देत. काकूंच्या हातच्या नाताळच्या करंज्या आमच्याकडे कधी गोकुळाष्टमीच्या आसपास यायच्या, कधी होळीनंतर. आईने पहिल्यांदा विचारलं, आज काय विशेष? काकू म्हणाल्या, "ह्यांना एका दिवसात चांगलं वागणं उरकत नाही, म्हणून वर्षभर पसरून ठेवलंय."

तीनमधले इस्रायली भाऊ त्यांना चिडवत. त्यांचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, असायचा. त्या दिवशी ते स्टोव्हसुद्धा पेटवत नसत, मग काका सकाळी न सांगता जाऊन पेटवून येत. भाऊ म्हणत, "आमच्या देवानं एक दिवस मागितला, तुमच्यानं तीनशे पासष्ट. काका, तुम्ही करार नीट वाचला नाहीत." काका म्हणत, "वाचला. लीप वर्षाला एक जादा."

संत वगैरे ते मुळीच नव्हते. भयंकर हट्टी होते. कंपाउंडर असताना औषधाच्या बाटलीवर डोसांच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटवायची सवय होती, ती घरातही होती. लोणच्याच्या बरणीवर पट्टी, रॉकेलच्या डब्यावर पट्टी, आणि खूण ओलांडली की काकूंशी वाद. प्रार्थना उभ्याने करत आणि डोळे उघडे ठेवून. मिटले तर कोण आलं ते कसं दिसणार, हे कारण. आणि संतापी होते. वाळत घातलेल्या कपड्यांवरून दोन नंबरच्या मुनीमांशी त्यांचं महिन्यातून एकदा तरी वाजायचं. मग रविवारी प्रार्थनेच्या आधी समेट करायलाच हवा, असा त्यांचा दंडक. ते मुनीमांच्या दाराशी जाऊन माफी मागत. पण ती इतक्या चढ्या आवाजात, आणि आपली चूक इतक्या तपशिलात सांगत, की मुनीमांची चूकही त्यात यायची आणि नवं भांडण सुरू व्हायचं. मग पुन्हा पुढच्या रविवारी.

आमच्या दुसऱ्या पावसाळ्यात आईचा दमा वाढला. चार नंबरची विहिरीकडची भिंत आषाढात अक्षरशः घामाघूम व्हायची. मी भिंतीला पोती लावली, खाट मधोमध ओढली, शेगडीत निखारे ठेवले. आई बसून झोपायची. डॉक्टरांनी तपासून साफ सांगितलं, कोरडी खोली मिळवा, नाहीतर आईंना पावसाळाभर घाटावर पाठवा. घाटावर म्हणजे साताऱ्याकडे मामाकडे. मामींच्या घरात आई कशी राहते ते मला माहीत होतं. पडवीत, आश्रितासारखी, पाणी प्यायलासुद्धा उठताना चोरट्यासारखी. वडील गेल्यावर दोन वर्षं तशी काढली होती, आणि मी नोकरी धरली होती ती तिला तिथून काढण्यासाठीच.

कोरडी खोली माझ्या डोळ्यासमोर होती. अंगणापलीकडे. पूर्वेची खिडकी.

मी तोंडी विनंती केली नाही. मी मुद्दे लिहून काढले. पहिला, पाच नंबर बहुतेक दिवस रिकामीच असते. दुसरा, आम्ही ओळखीची माणसं आहोत. तिसरा, आमची चार नंबर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वापरता येईल, एका रात्रीला ओलीने काही होत नाही. चौथा, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. पाचवा मी शेवटी, जरा रागातच लिहिला: दाराबाहेरच्या अनोळखी माणसाआधी दाराच्या आतलं माणूस बघावं.

काकांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. चिठ्ठीही वाचली, डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाबद्दल नाक मुरडलं. मग म्हणाले, "सगळे मुद्दे बरोबर आहेत."

मी हातात किल्ली पडायची वाट बघत होते.

"पण पाच नंबर मी देऊ शकत नाही."

"का?"

"ती माझी नाही. कोणी यायचं आहे, त्याची आहे."

"कोण यायचंय?"

"ते कसं सांगू? माहीत असतं तर पत्र घालून विचारलं असतं."

मी म्हटलं, निदान पावसाळाभर तरी द्या, कारण तर चांगलं आहे ना. ते म्हणाले, "त्या उतारशाळेवाल्याच्या खोल्याही चांगल्याच कारणांनी भरल्या असणार, बाई. कोणाची म्हातारी आई असेल, कोणाचं आजारी मूल. वाईट कारणानं खोली कोण भरतं?"

तेव्हा मी बोलू नये ते बोलले. शिक्षिकेचा आवाज, पाची खोल्यांत ऐकू गेला असणार. म्हटलं, घरातलं माणूस श्वासासाठी तडफडतंय आणि तुम्ही रिकाम्या खोलीला चादरी घालताय, हा तुमचा बारा महिन्यांचा धर्म असेल तर मला पंचवीस तारखेचा चालेल. कागदाची घडी घालून काकांनी ती बायबलात ठेवली. मी खोलीत येऊन आईची ट्रंक भरायला घेतली आणि मामांना पत्र लिहिलं. आई म्हणाली, "त्यांना असं बोलायला नको होतंस." मी म्हटलं, "मग कोणी बोलायचं?" ती खाटेची कड धरून श्वास घेत राहिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी पत्र टाकायला निघाले, तर एक नंबरच्या दारात सामान. लोखंडी पेटी, गुंडाळलेल्या वळकट्या, पट्टी लावलेली लोणच्याची बरणी. काकू डोक्यावर पितळी भांड्यांची पाटी घेऊन आमच्याच दिशेने येत होत्या.

"बघत काय राहिलीस?" त्या म्हणाल्या. "आईला उठव, तुमचं सामान काढ. ह्यांनी तुझा पाचवा मुद्दा मान्य केलाय."

मला काही कळेना. काका मागून खाटेचं एक टोक धरून आले, दुसरं टोक इस्रायली भाऊंनी धरलेलं. खाट अंगणात टेकवून काका मला म्हणाले, "एक नंबर कोरडी आहे. खिडकीही आहे. आणि ती माझी आहे, त्यामुळे देता येते."

मी नाही म्हटलं. खूप वेळा म्हटलं. काकूंचे गुडघे दुखायचे, मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, काकू, तुम्ही तरी सांगा. काकू पाटी उतरवत म्हणाल्या, "मी काल रात्रभर तेच सांगत होते. मग पहाटे माझे मुद्दे संपले." आणि माझ्या आईचा हात धरून त्या तिला एक नंबरकडे घेऊन गेल्या.

काकांनी एकच अट घातली. दाराआड बोट दाखवून म्हणाले, "खोली तुमची. तो खिळा तेवढा आमचा. उपटू नका."

खिळ्याला पाच नंबरची किल्ली होती. रस्त्यावरून येणारा माणूस एक नंबरचंच दार वाजवणार, हे माझ्या लक्षात आठवड्याने आलं.

आई आठ-दहा दिवसांत आडवी झोपायला लागली. मामांना लिहिलेलं पत्र मी फाडून टाकलं. आणि आता घरच्या पद्धतीला थोडी शिस्त लावावी, काकांचे उपकार व्यवस्थितपणाने फेडावेत, असं मला वाटलं. मी एक नवी वही आणली, रकाने आखले. नाव, गाव, कोणाच्या ओळखीने, किती दिवस, सही किंवा अंगठा. मला खरोखर वाटत होतं की मी मदत करते आहे.

भाद्रपदात एका दुपारी दार वाजलं. चिरनेरकडची एक बाई होती, पन्नाशीची, काखेत बोचकं. तिने विचारलं, "चांदनीवाला बाबा हाय का?" तिचा नवरा सरकारी दवाखान्यात होता, आत राहू देत नव्हते. मी तिला ओटीवर उभी केली आणि वही उघडली. नाव तिने सांगितलं. गाव सांगितलं. ओळख कोणाची म्हटल्यावर ती गोंधळली. "ओलख कोनाची नाय बाय." मी म्हटलं, बरं, राहू दे, किती दिवस? ती म्हणाली, "त्यो बरा हुईल तवर. किती ते मना काय ठावं?" मी म्हटलं, अंदाजे सांगा, आणि इथे अंगठा लावा. मी शाईची गादी पुढे केली.

तिने गादीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मग बोचकं पुन्हा काखेत घट्ट धरलं. "नको बाय. कागूद नको. आमी बसतो थयंच, भायेर." आणि पायऱ्या उतरून चालू लागली.

मी म्हटलं, अहो, थांबा, साधी नोंद आहे. ती थांबली नाही. मी वहीत तिच्या नावापुढे रेघ मारत होते, इतक्यात आई खाटेवरून उठून माझ्या बाजूने गेली. तिने खिळ्यावरून किल्ली काढली आणि अनवाणी रस्त्यावर उतरली. जिला विहिरीपर्यंत जाताना दोनदा टेकावं लागायचं, ती माझी आई. मी मागे धावले. ती हाताने मला मागे सारत होती. तळ्याच्या वळणावर तिने त्या बाईला गाठलं. दोघी परत आल्या तेव्हा कोणी कोणाला धरलं आहे ते कळत नव्हतं. आईचे ओठ निळसर झाले होते. ओटीवर बसून, दोन शब्दांत एकदा श्वास घेत, ती मला म्हणाली:

"आपण आलो होतो... तेव्हा काकांनी काय... विचारलं होतं, आठवतं?"

मला आठवत होतं. मी लिहूनच ठेवलं होतं.

मी आत जाऊन तांब्याभांडं आणलं. त्या बाईला विचारलं, "पाणी घेता का?" ती हसली. पुढचे दात नव्हते तिला. ती पाच नंबरमध्ये बारा दिवस राहिली. नवरा बरा होऊन घरी गेला.

काकांनी अंगणातून सगळं पाहिलं होतं, हे मला नंतर काकूंकडून कळलं. संध्याकाळी ते आईची चौकशी करायला आले, आपला कंपाउंडरी काढा देऊन गेले. जाताना माझी वही उचलून पाहिली, आखलेल्या रकान्यांवरून बोट फिरवलं. "रेघा सुरेख आहेत," ते म्हणाले. "माठ शेवटचा कधी धुतला ते आम्हाला कधी आठवत नाही. ते लिहीत चला की."

तशी पाच नंबरची यादी सुरू झाली. ती मी दाराच्या आतल्या बाजूला, खिळ्याखाली लावली. एक, माठ रोज धुऊन भरणे. दोन, चादरी उन्हात घालणे. तीन, कंदिलाची काच पुसणे. चार, काडेपेटी कोरडी आहे ना बघणे. चादरी मी धुवायला घेतल्या. काकूंनी फक्त सुरुवातीला वाद घातला, आणि तोही सवयीचा म्हणून.

ते दोघं एक नंबरमध्ये परत कधीच आले नाहीत. दर दसऱ्याला मी विषय काढायचे. काका म्हणायचे, ओलीची सवय झाली आहे, आता कोरड्यात सर्दी होईल. काकूंचे गुडघे चार नंबरमध्ये आणखी बिघडले. हे मी लिहिलं नाही तर हिशेब खोटा होईल. आई त्या कोरड्या खोलीत आणखी सहा पावसाळे जगली. मामींच्या पडवीत नाही, तर स्वतःच्या खाटेवर, खिडकीशी, दार वाजलं की माझ्याआधी किल्लीकडे हात नेत. ती गेली तेव्हा काका उभे राहून, उघड्या डोळ्यांनी, तिच्यासाठी मराठीत प्रार्थना करत होते, आणि दोन नंबरचे मुनीम त्यांच्या शेजारी हात जोडून उभे होते. त्या आठवड्यात दोघांचं भांडण चालू होतं.

नंतर माझी बदली झाली. काका गेल्याचं पत्र मला ऑगस्टमध्ये मिळालं. काकूंनी लिहिलं होतं की मुंबईहून आलेल्या पाळकांनी विचारलं, बाई, चांदणी अजून कशी? तर काकूंनी सांगितलं, चालू महिन्याची आहे.

आता मी ठाण्याला राहते. दोन खोल्या आहेत आणि एक छोटी तिसरी. तिसरीत एक खाट आहे, माठ आहे. मी ख्रिस्ती नाही. शेजारणी विचारतात, पेइंग गेस्ट का ठेवत नाही. मी सांगते, विचार चालू आहे.

पनवेलहून निघताना खिळा मी तिथेच ठेवला, अट तशी होती. यादी मात्र काढून आणली. ती आता इथे दाराच्या आत आहे. चार मुद्दे माझ्या अक्षरात आहेत, सरळ, रेघेवर. पाचवा आईने लिहिला आहे. ती फारशी शिकलेली नव्हती, अक्षरं एकमेकांवर चढली आहेत, पण वाचता येतात.

पाच. पाणी विचारावे. बाकी काही विचारू नये.